राईनपाड्याचा रविवार : अफवा, आठवडे बाजार आणि ग्रामपंचायतीची खोली

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या आदिवासी गावात आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं एसटीतून तिथे उतरली. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली ही मंडळी भिक्षा मागत या पट्ट्यात आली होती. त्यांच्यापैकी एकाने बाजारात एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. एवढं निमित्त झालं आणि मुलं पळवणारी टोळी आल्याची ओरड उठली. पाचही जणांना ग्रामपंचायत कार्यालयात नेण्यात आलं. जमाव त्या खोलीत घुसला आणि काठ्या, दगड, जे हाताला येईल त्याने त्यांना मारत राहिला. पाचही जण मेले. पिंपळनेरहून आलेल्या पोलिसांना गर्दी आवरता आली नाही, उलट त्यांनाही मार बसला. मारहाणीचं चित्रण लोकांनीच मोबाईलवर केलं होतं. ते राज्यभर फिरलं.

या प्रकरणावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. दोष एक तर व्हॉट्सअॅपला दिला गेला, नाही तर ‘अडाणी आदिवासीं’ना. दुसरं कारण मला मुळीच पटत नाही. त्याच वर्षी ८ जूनला आसामातल्या कार्बी आंगलाँगमध्ये दोन तरुण याच अफवेत मारले गेले. जूनमध्येच आपल्या वैजापूर तालुक्यात चांडगावला दरोडेखोर समजून जमावाने केलेल्या मारहाणीत दोघे गेले. राईनपाड्यानंतर दोन आठवड्यांत कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात हैदराबादहून आलेल्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरचा बळी गेला. या सगळ्या गावांची भाषा वेगळी, धर्म-जात वेगळी, शिक्षण वेगळं. राईनपाड्याचं कारण आदिवासीपणात शोधणाऱ्याला या बाकीच्या गावांचं उत्तर देता येत नाही.

पहिल्या कारणात तथ्य आहे, पण ते अर्धं आहे. फोन देशभर होता, मेसेजही देशभर होते. मग एखाद्या गावात तो मेसेज हसण्यावारी गेला आणि एखाद्या गावात त्याने पाच माणसं मारली, हा फरक कुठून आला? माझं म्हणणं असं की आपल्याकडे बातमीवरचा विश्वास आणि सरकारी संस्थेवरचा विश्वास या दोन्ही गोष्टी ओळखीच्या माणसाच्या आधाराने उभ्या असतात. राईनपाड्यात त्या दिवशी अफवेच्या बाजूने ओळखीची माणसं होती आणि संस्थेच्या बाजूने कुणीच नव्हतं.

बाजारातली बातमी

पिंपळनेरच्या पुढे गुजरात हद्दीकडचा पट्टा डोंगराचा. पाडे विखुरलेले, वस्ती कोकणा, भिल्ल, मावची समाजाची. इथे आठवडे बाजार म्हणजे फक्त मीठ-मिरची, बी-बियाणं नव्हे. कुणाच्या घरी लग्न ठरलं, कुणाचा बैल मेला, ऊसतोडीचा मुकादम यंदा उचल किती देतोय, रेशनचा माल कधी येणार, हे सगळं बाजारातच कळतं. पेपर तालुक्याच्या गावात सकाळी येतो, पाड्यावर तो पोहोचलाच तर पुडी बांधून. जळगाव आकाशवाणी ऐकणाऱ्यांची एक पिढी होती, ती आता थकली. त्यामुळे बातमी म्हणजे कुणीतरी सांगितलेली गोष्ट. ती सांगणारा समोर असतो आणि त्याला उलट विचारता येतं: तू स्वतः पाहिलंस का? कुणाच्या मुलाला नेलं? त्या मुलाच्या बापाचं नाव काय? सांगणारा दोन प्रश्नांत अडखळला की बातमी तिथेच विरते.

ही पद्धत अडाण्यांची नाही. पत्रकार हेच करतात, तपास अधिकारी हेच करतात. सांगणाऱ्याला तोलून मग सांगितलेलं स्वीकारायचं, ही खान्देशातल्या गावगाड्याची जुनी आणि बऱ्यापैकी भरवशाची रीत आहे.

सप्टेंबर २०१६ नंतर जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि दीड-दोन वर्षांत स्मार्टफोन पाड्यांवर आला. आता बातमी मेव्हण्याच्या, भाच्याच्या, गावच्या गटातल्या पोराच्या नावाने येऊ लागली. फोनवर नाव दिसतं त्याचं, फोटोही त्याचाच. मनाला वाटतं, भाचा सांगतोय. भाच्याने मात्र काहीच पाहिलेलं नसतं. त्याला दुसऱ्या कुणी पाठवलेलं असतं, त्या दुसऱ्याला तिसऱ्याने. उलट विचारायला फोन लावावा तर तो म्हणणार, मलाही आलं. म्हणजे जुन्या पद्धतीतला विश्वास जसाच्या तसा नव्या जागी आला आणि त्या विश्वासाची राखण करणारा प्रश्न मागे राहिला. व्हॉट्सअॅपने लोकांना भोळं केलं असं म्हणणं मला म्हणून अपुरं वाटतं. लोक पूर्वीइतकेच सावध होते. त्यांच्या सावधपणाला धरायला काही उरलं नव्हतं.

त्या महिन्यांत देशभर जे फिरत होतं ते पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. मोटारसायकलवरून येऊन रस्त्यावरच्या पोराला उचलून नेणारे दोघे, असा एक व्हिडिओ होता. तो मुळात पाकिस्तानातल्या कराचीत पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला जनजागृतीपट होता. मूळ चित्रणात शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. फिरणाऱ्या व्हिडिओत तेवढाच भाग कापलेला होता. लहान मुलांच्या मृतदेहांची रांग दाखवणारा फोटो किडनी काढलेल्या मुलांचा म्हणून फिरत होता. तो २०१३ साली सीरियात घौटा इथे झालेल्या रासायनिक हल्ल्यातला होता. कराची आणि घौटा साक्री तालुक्यातल्या कुणाला कसं ओळखू येणार? मराठी शहरांतल्या शिकल्यासवरल्या घरांतल्या गटांवरही हेच फिरत होतं आणि तिथेही ते कुणी ओळखलं नाही.

भीती खरी होती

या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोली-सुरतेकडे. लेकरं बरोबर नेली तर शाळा बुडते. मागे ठेवली तर म्हातारीच्या भरवशावर. पावसाळ्याच्या तोंडाला माणसं परत येतात आणि लगेच पेरणीला जुंपतात. पोरं पाड्यावर, ओढ्याकाठी, बाजारात एकटी असतात. आपलं मूल आपल्या नजरेसमोर नाही ही टोचणी इथल्या आईबापांना बारा महिने असते. मूल पळवण्याची अफवा नेमकी त्या दुखऱ्या जागी लागते.

त्यातही मूल हरवलं तर पुढे काय होतं, याचा अनुभव गरीब माणसाला फारसा चांगला नसतो. हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला मे २०१३ मध्ये द्यावा लागला. असा आदेश द्यावा लागतो याचाच अर्थ तोवर तक्रारी परत पाठवल्या जात होत्या. मूल गेलं तर पोलीस शोधून आणतील, असा भरवसा ज्याला असतो तो संशयिताला पोलिसांच्या हवाली करतो. ज्याला तो भरवसा नाही, त्याला वाटतं की जे करायचं ते आत्ता आणि आपणच. हिंसेचं हे समर्थन नाही. पाच निरपराध माणसांना ठेचून मारणं हा खून आहे आणि मारणाऱ्यांनी त्याची शिक्षा भोगलीच पाहिजे. पण पुढचा खून टाळायचा असेल तर हा भरवसा कुठे तुटला ते पाहावंच लागेल.

अनोळखी माणूस

मारले गेलेले कोण होते? डवरी गोसावी हा भैरवनाथाची भक्ती सांगणारा, डमरू वाजवत, गाणी म्हणत भिक्षा मागणारा समाज. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत त्याची नोंद आहे. वासुदेव, नंदीबैलवाला, बहुरूपी, कुडमुड्या जोशी यांच्यासारखाच गावाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखलेला फिरता माणूस. त्याचं नाव कुणाला ठाऊक नसे, पण वेश ठाऊक असे, गाणं ठाऊक असे, येण्याचा हंगाम ठाऊक असे. सुपातून मूठभर धान्य घालताना म्हातारी त्याला ‘कोनता गावना भाऊ?’ म्हणून विचारायची आणि त्याच्या उत्तरात एखादं ओळखीचं गाव निघालं की तो चार घटका ओट्यावर टेकायचा.

ही ओळख पुसली गेली. डमरू घेऊन फिरणं पोरांना नको वाटतं, अंगावर साधे शर्ट-पँट आले, धान्याच्या जागी पैसे आले. पश्चिम साक्रीत सोलापूरकडची मराठी परकी वाटते. इथे बोली कोकणा समाजाची कोकणी, भिल्ली, मावची, बाजारात अहिराणी. आधार कार्ड दाखवलं तरी त्यावरचा पत्ता मंगळवेढ्याकडचा असणार. त्या पत्त्याची खात्री राईनपाड्यात कोण देणार?

भटक्यांचाही संस्थांवर विश्वास बसावा असं फारसं काही घडलेलं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक फिरत्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये गेला. पण त्या शिक्क्याची सावली साऱ्याच भटक्यांवर राहिली. शिवाय १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याने भिक्षा मागणं हाच गुन्हा ठरवला. ज्याचा पोटाचा धंदाच कायद्याला मान्य नाही, तो गावात शिरताना पोलीस ठाण्यात वर्दी द्यायला कशाला जाईल? तो ठाण्याला वळसाच घालणार. म्हणजे दोन्ही बाजूंची माणसं पोलिसांपासून लांब. गावकरी उपयोग नाही म्हणून, भटके भीती वाटते म्हणून. ती दोन माणसं बाजारात समोरासमोर आली तेव्हा मध्ये उभं राहायला कुणी नव्हतं.

खोली

या प्रकरणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे ती जागा. हे खून रानात झाले नाहीत, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात झाले.

कुठल्याही ग्रामपंचायतीचं कार्यालय डोळ्यांसमोर आणा. एक टेबल, सरपंचाची खुर्ची, प्लास्टिकच्या चार-सहा खुर्च्या, लोखंडी कपाट, भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी, एका फळ्यावर सदस्यांची नावं. जन्म-मृत्यूची नोंदवही इथेच असते. गावात संशयित माणूस सापडला की त्याला पंचायतीत आणून बसवायचं, पोलीस पाटलाला बोलवायचं, चार जाणत्यांनी विचारपूस करायची, ही जुनी रीत. त्या पाचांना बाजारातून तिथे नेलं गेलं त्यामागे निदान काही जणांच्या मनात ही रीत असेल, असं मानायला जागा आहे. तसं असेल तर गाव त्या क्षणी संस्थेच्या दारापर्यंत आलं होतं.

आत कोण होतं? रविवार होता. ग्रामसेवकाकडे बहुधा एकाहून अधिक गावं असतात आणि त्याचं बिऱ्हाड तालुक्याला असतं. सरपंचाच्या सहीला मोल असतं, पण शेकडो बाजारकरूंपुढे तो एकटा माणूस, आणि त्या बाजारातली निम्मी माणसं दुसऱ्या पाड्यांवरची, त्याला न मानणारी. पोलीस पाटलाचं पद १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने दिलेलं, जबाबदारी मोठी, पण हातात मानधन आणि फोन यापलीकडे काही नाही. तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली गाजावाजाने सुरू झाली, बक्षिसं वाटली गेली. त्या समित्यांचे फलक गावोगाव शिल्लक आहेत. समिती पुढे नीट चालत राहिली असती तर अशा दिवशी चार वडीलधारी माणसं दारात उभी राहिली असती.

इमारत होती, माणूस नव्हता. दार लावून आतल्यांना वाचवता आलं नाही. उलट त्या बंद जागेने पळून जायची वाटही बंद केली.

दुसऱ्या दिवसापर्यंत वीसहून अधिक लोकांना अटक झाली. अटकेच्या भीतीने बाप्ये गाव सोडून गेले, पाड्यांवर बायका-पोरं आणि म्हातारी उरली. पेरणीच्या दिवसांत शेतं पडून राहिली. जी संस्था आधी दिसली नव्हती ती आता फक्त पकडायला आलेली दिसली. अशा गावात पोलिसांवरचा विश्वास त्यानंतर वाढला असेल की घटला असेल, हे वेगळं सांगायला नको.

त्याच रात्री मालेगावात

राईनपाड्यापासून फार दूर नसलेल्या मालेगावात त्याच दिवशी रात्री जवळपास तोच प्रसंग उभा राहिला. मुलं पळवणारे समजून जमावाने एका कुटुंबाला घेरलं. त्यांच्यात दोन वर्षांचं मूलही होतं. तिथे एका स्थानिक माणसाने त्यांना स्वतःच्या घरात घेतलं आणि दार लावलं. लोक चवताळलेले होते, पोलिसांच्या गाडीची नासधूस झाली, पण पोलीस पोहोचले आणि सगळे वाचले.

मालेगाव शहर आहे, पोलीस जवळ होते, हा फरक मोठा आहे. तो कमी लेखून चालणार नाही. तरी पोलीस यायच्या आधीची ती मधली मिनिटं कुणी सांभाळली? मोहल्ल्यातला ओळखीचा माणूस. जमावातल्या प्रत्येकाला त्याचं घर माहीत होतं. त्याचं दार तोडायचं म्हणजे उद्यापासून त्याला तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न होता. ग्रामपंचायतीचं दार कुणाचंच नसतं.

त्रिपुरातली घटना याच्या शेजारी ठेवून पाहावी लागते. २८ जून २०१८ रोजी, म्हणजे राईनपाड्याच्या तीनच दिवस आधी, तिथे सरकारने अफवांवर विश्वास ठेवू नका असं लाऊडस्पीकरवरून सांगायला नेमलेल्या माणसालाच जमावाने ठार मारलं. सरकारचा निरोप होता, आवाज मोठा होता, पण सांगणारा ज्या गावात गेला त्या गावाचा नव्हता.

आदेश आणि बटणं

यानंतर वरच्या पातळीवर हालचाल झाली. व्हॉट्सअॅपने १० जुलैला पुढे ढकललेल्या मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली, वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या आणि त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलैला जमावाच्या हिंसेविरुद्धच्या तहसीन पूनावाला खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात अशा घटना रोखायची जबाबदारी असलेला पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी, जलदगती सुनावणी, भरपाईची योजना असे निर्देश दिले. धुळ्याच्या खटल्यासाठी मूळ जळगावचे उज्ज्वल निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली. बरोबर सहा वर्षांनी, १ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाचं स्वतंत्र कलम आलं.

हे सगळं हवंच होतं. तरी एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांचा चालक तशाच अफवेत मारले गेले, तेव्हा मेसेजवर खूणही होती आणि पाचची मर्यादाही होती. कंपनीने वेग कमी केला. ‘हे खोटं आहे’ असं गावाला कुणी सांगायचं, हे काम कंपनीचं नव्हतं आणि ते जागच्या जागी राहिलं.

लशीच्या वेळी

हे काम होऊ शकतं, याचा दाखला शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात आहे. २०२१ मध्ये सातपुड्यात कोरोनाच्या लशीविषयी धास्ती होती. लस घेतली की माणूस मरतो, मूल होत नाही, अशा गोष्टी त्याच फोनवरून, त्याच भाच्यांकडून येत होत्या. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, पिंपळनेरच्या अगदी शेजारचे, भिल्ल समाजात वाढलेले. ऑक्सिजनची तयारी आधीच करून ठेवल्याबद्दल त्यांचं देशभर नाव झालं. मला त्यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. लसीकरणाच्या गाड्या गावोगाव पाठवल्या गेल्या. शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई घरोघर समजवायला गेल्या. घरात शिरून, ओट्यावर बसून, त्याच बोलीत, आधी स्वतः लस घेऊन. घरातल्या बाईने ‘तू घेतलीस का?’ असं विचारलं की आशाताईला उत्तर देता येत होतं. मघाशी म्हटलेला तो उलट प्रश्न इथे परत आला होता.

शंका पुरत्या मिटल्या असं नाही. पण सरकारचं म्हणणं प्रथमच एका अशा माणसाच्या तोंडून आलं जो उद्याही त्याच पाड्यावर असणार होता.

नोंद

राईनपाड्यानंतर भटक्यांसाठी एक सूचना वारंवार पुढे आली: मुक्कामाच्या गावी पोहोचलात की पोलीस ठाण्यात नोंद करा. मला ती अर्धवट वाटते आणि थोडी अन्यायाचीही. १८७१ च्या कायद्यातही हजेरी लावावी लागत होती. त्या समाजाच्या आठवणीत ठाण्यातली नोंद म्हणजे संशय. आणि नोंद ठाण्यातल्या वहीत पडून राहिली तर बाजारातल्या माणसाला तिचा काय उपयोग?

माझ्या मते नोंदीची दिशा बदलावी लागेल. भटक्यांचं पाल, म्हणजे मुक्कामाचा तंबू, पडलं की त्या भागाच्या पोलीस पाटलाने तिथे जाऊन भेटावं, चहा घ्यावा, आणि त्याच दिवशी आपल्या गावच्या गटावर आपल्या आवाजात, कोकणीत किंवा अहिराणीत, व्हॉईस मेसेज टाकावा: अमक्या भागातले इतके लोक अमक्या ठिकाणी उतरलेत, मी भेटून आलोय, काही शंका असेल तर मला फोन करा. फोटो, आधार नंबर असलं काही नको, त्याने नवीन पाळत सुरू होईल. आजूबाजूच्या पाड्यांच्या पाटलांनी तो निरोप पुढे न्यावा, कारण बाजाराला येणारा माणूस एका गावचा नसतो. ज्या गावात बाजार भरतो तिथे बाजाराच्या दिवशी एक पोलीस शिपाई आणि पाटील, दोघांनी हजर असावं. ग्रामसेवकाची सुटी रविवारी असेल आणि बाजारही रविवारी असेल, तर त्या गावापुरती सुटी दुसऱ्या वारी द्यावी.

याला नवा कायदा लागत नाही. पोलीस पाटलाच्या कामात गावात आलेल्या परक्या माणसांची खबर ठेवणं आधीपासूनच येतं. आजवर ती खबर वर, ठाण्याकडे जात आली. तिची एक प्रत खाली, गावाकडे जायला हवी, आणि पाटलाच्या मानधनात या फोन-फिरतीचा खर्च धरला जायला हवा. पावसाळ्याच्या तोंडाला धुळे आणि नंदुरबारच्या पोलीस अधीक्षकांनी पाटलांची बैठक बोलावली तर तिच्या विषयपत्रिकेवर हे कलम पहिलं असावं.